तारेवरचें विमान आणि त्याची टांकी

शंकराच्या देवळांत पिंडीवर टांगलेल्या गळतीकडे ज्यांनीं कधीं लक्षपूर्वक पाहिलें असेल, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट खचित आली असेल. पात्र कांठोकांठ भरलेलें असतां धार जोमानें पडते. पाणी निम्म्यावर आलें कीं ती बारीक होते. आणि तळ दिसूं लागला म्हणजे धारेचे थेंब होऊन तेही रेंगाळत पडूं लागतात. भोंक तेंच, पाणीही तेंच. बदलली ती केवळ भोंकावरील पाण्याची उंची. अभिषेकास या फरकानें कांहीं उणेपण येत नाहीं, परंतु ज्याला धारेवरून काळ मोजावयाचा असेल त्याची मात्र फसगत होते. म्हणूनच कीं काय, आपल्या ज्योतिष्यांनीं गळत्या पात्रावर विसंबून न राहतां बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडण्याची युक्ति पत्करिली. ती भरून बुडण्यास लागणारा काळ ती एक घटका, म्हणजे आपलीं २४ मिनिटें. दर खेपेस रिकामी वाटी नव्यानें सोडावयाची असल्यामुळें सकाळची घटका आणि दुपारची घटका सारखीच भरते. मुहूर्ताच्या वेळीं घंगाळांत तरंगणारें हें घटिकापात्र घरांतील वडीलधाऱ्या मंडळींपैकीं कित्येकांनीं पाहिलेलें असेल.

हें सारें आठवण्यास कारण झालें तें आमच्या नातवाचें एक खेळण्यांतलें विमान. खेळण्यांतलें म्हणावयाचें तें केवळ आकारावरून. एरवीं त्याला खरें इंजिन आहे, खरा पंखा आहे, आणि तें जमिनीवर आदळतें तेव्हां होणारें दुःखही अगदीं खरें असतें. तें एकदां आदळलें, आणि त्या अपघातांत आमच्या शिकवणुकीचा भाग मोठा होता. छत्तीस वर्षें मुलांस द्रवांचा दाब शिकवून निवृत्त झालेल्या मनुष्यानें ही कबुली देणें सुखाचें नाहीं. पण ज्या चुकींतून कांहीं कळलें ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

आधीं हें विमान असतें कसें तें सांगितलें पाहिजे. हल्लीं बिनतारी संदेशांनीं चालणारीं लहान विमानें पुष्कळांनीं पाहिलीं आहेत. हें तसें नव्हे. याच्या डाव्या पंखाच्या टोंकांतून दोन बारीक पोलादी तारा बाहेर निघतात व त्यांचीं दुसरीं टोंकें उडविणाराच्या हातांतील मुठीस बांधलेलीं असतात. पंखाच्या पोटांत एक तिकोनी कळ बसविलेली असते. मूठ मागें कलविली कीं वरची तार ओढली जाते, कळ फिरते, आणि एका काडीच्या योगानें शेपटीवरची हालती फळी वर उचलली जाऊन विमान आकाशाकडे तोंड करतें. मूठ पुढें कलविली कीं उलट. उडविणारा मध्यभागीं उभा राहून स्वतःभोंवतीं फिरत राहतो व विमान त्याच्याभोंवतीं डावीकडून प्रदक्षिणा घालतें. म्हणजे देवाला घालतों त्याच्या उलट. उजवें-डावें वळविण्याचा प्रश्नच नाहीं, कारण वर्तुळ ठरलेलें. वर-खालीं एवढेंच काय तें हातांत. पण तेवढ्यांतून चक्रें, चौकोन, आठाचे आंकडे, पाठीवर उलटें उडणें अशा नाना कसरती निघतात. तारेंतून येणारी विमानाची ओढ थेट पंज्यास जाणवते, हेंच या खेळाचें मर्म असें नातवाचें म्हणणें. पतंगाचा मांजा ज्यानें बोटांवर खेळविला आहे त्याला तें पटेल.

हा खेळ अमेरिकेंतला. ऑरेगन प्रांतांतील पोर्टलंड शहराच्या जिम वॉकर यानें तो लोकप्रिय केला व १९४२ सालीं त्याचें पेटंटही मिळविलें. त्याच प्रांतांतल्या ओबा सेंट क्लेअर यानें १९३७ सालींच तारांवर विमान उडविलें होतें, ही गोष्ट पुढें कोर्टांत पुराव्यास आली आणि वॉकरच्या हक्कास बाध आला. असो. श्रेयाचे तंटे विद्वानांतच असतात असें नाहीं. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागांत मुलांस लहान विमानें करावयास शिकवितात, व तारेवरचीं विमानें उडविण्याच्या चढाओढीही होतात. आमच्या नातवास हें वेड तेथेंच लागलें.

इंजिन मुठीएवढेंही नसतें. त्यांत पेट्रोल चालत नाहीं. मिथिल अल्कोहोल, थोडें नायट्रोमिथेन आणि वंगणासाठीं एरंडेल, असें त्याचें खाद्य. ज्या एरंडेलाचें नांव काढतांच आमच्या पिढीचीं मुलें माजघरांतून परसांत पळत, तें हें इंजिन आवडीनें पितें! पहिल्या महायुद्धांतल्या गरगर फिरणाऱ्या विमानी इंजिनांसही एरंडेलच लागे, कारण प्रखर उष्णतेंतही तें आपला चिकटपणा लवकर सोडीत नाहीं. जगांत एरंडी सर्वांत जास्त पिकते ती आपल्या देशांत, आणि तींतली बहुतेक गुजराथेंत. तेव्हां परदेशांतल्या विमानांच्या पोटांतही आपल्याकडचें एरंडेल जात असल्यास नवल नाहीं. ठिणगी पाडण्यासाठीं वेगळें यंत्र लागत नाहीं. रे आर्डेन नांवाच्या अमेरिकनानें १९४७ सालीं प्लॅटिनमच्या तारेचें वेटोळें असलेला ग्लो-प्लग प्रचारांत आणला. तें वेटोळें आरंभीं घटाच्या विजेनें लाल करावें. मग इंजिनाच्या स्वतःच्या उष्णतेनें आणि अल्कोहोलाच्या संसर्गानें तें आपोआप तापलेलें राहतें.

आतां टांकीकडे येऊं. इंजिन हवा आंत ओढतें, त्या हवेच्या वाटेंत एक बारीक नळी आडवी असते, आणि वाहत्या हवेच्या ओढीनें टांकींतलें इंधन त्या नळीच्या छिद्रांतून बाहेर येतें. किती यावें हें एका सुईच्या स्क्रूनें ठरवावयाचें. ही सुई जमिनीवर एकदां लावली कीं मग हवेंत ती फिरविण्याची सोय नाहीं. म्हणजे विमान सुटतांना जी धार बांधून दिली तीच शेवटपर्यंत राहिली पाहिजे. धार वाढली तर इंजिन गुदमरून मंद होतें. घटली तर आधीं तारस्वरांत किंचाळतें, तापतें, आणि मग बंद पडतें. वर, डोक्यावर असतांना बंद पडलें तर ओढ नाहींशी होऊन तारा सैल पडतात. आणि तारा सैल पडल्या म्हणजे मूठ हातांत असूनही हातांत कांहींच राहत नाहीं.

आणि धार बदलण्यास कारणें किती! गळतींतलें पाणी निदान खालींच ओढलें जातें. विमानांतल्या इंधनाचें ‘खालीं’ क्षणोक्षणीं निराळें. वाचकांस कंटाळा येणार नसेल तर थोडा हिशेब मांडतों. तार १८ मीटर लांब धरली आणि एक फेरी ५ सेकंदांची धरली, तर विमान सेकंदास सुमारें साडेबावीस मीटर, म्हणजे ताशीं ८० किलोमीटरांहून थोडें अधिक वेगानें जातें. एवढ्या वेगानें एवढ्या वर्तुळांत फिरणाऱ्या वस्तूवर बाहेरच्या बाजूस जी ओढ येते ती तिच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट भरते. एक किलोचें विमान तीन किलोंनीं हात ओढतें तें यामुळेंच. टांकींतलें इंधनही अर्थात् बाहेरच्या, म्हणजे उजव्या, भिंतीस जाऊन चिकटतें; त्याच्या दृष्टीनें ती भिंत हाच तळ. म्हणून टांकी त्या बाजूस निमुळती करतात व इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचें तोंड त्या निमुळत्या कोंपऱ्यांत मागच्या बाजूस ठेवतात. आतां टांकी ५ सेंटीमीटर रुंद असेल तर भरलेल्या टांकींतला इंधनाचा पृष्ठभाग आणि रिकामी होत आलेल्या टांकींतला पृष्ठभाग यांत ५ सेंटीमीटरांचें अंतर पडतें, आणि ओढ तिप्पट असल्यामुळें त्याचा परिणाम १५ सेंटीमीटरांइतका होतो. गळतींतलें पाणी वीतभर उतरल्यावर धारेची काय गत होते तें आपण पाहिलेंच आहे.

हें झालें सरळ फेरीचें. विमान चक्र घेऊं लागलें कीं आणखी एक ओढ उत्पन्न होते. नेहमींचें चक्र १८ मीटरांच्या तारेवर सुमारें ७ मीटर त्रिज्येचें पडतें. त्यांत वजनाच्या सातपटीहून अधिक ओढ विमानाच्या पोटाकडे किंवा पाठीकडे लागते. चाकें बाहेर ठेवून चक्र घेतलें तर पोटाकडे, पाठ बाहेर ठेवून घेतलें तर पाठीकडे.

येथेंच आमचा पाय घसरला. नातवाचें इंजिन टांकी अर्धी होतांच किंचाळूं लागे. त्यानें आम्हांस विचारिलें, “आजोबा, इंधन कमी पडतंय, काय करूं?” प्रश्न विचारला गेला याचाच आम्हांस इतका आनंद झाला कीं आम्हीं क्षणभरही विचार न करतां फळ्यावर तीस वेळां काढलेली आकृति त्याला कागदावर काढून दिली. पाण्याची टांकी गच्चीवर कां ठेवतात? उंचीमुळें दाब वाढतो. तेव्हां विमानांतली टांकी दीड सेंटीमीटर वर उचल! त्यानें टांकीखालीं पातळ लाकडाच्या चकत्या घातल्या. सरळ फेऱ्यांत इंजिन पूर्वींपेक्षां खरोखरच बरें चालूं लागलें. आम्ही मैदानाच्या कडेस, आंखलेल्या वर्तुळाच्या पुष्कळ बाहेर, खुर्ची टाकून बसलों होतों. आम्हांस धन्यता वाटली.

मग त्यानें आठाचा आंकडा घेतला. त्याचें पहिलें अर्धें पोट बाहेर ठेवून घेतात. त्यांत टांकी सुईच्या वर असल्यामुळें इंधन जास्तच आलें. इंजिन थोडें घोगरलें, इतकेंच. दुसरें अर्धें पाठ बाहेर ठेवून. तेथें ‘खालीं’ची दिशा उलटली आणि आमची गच्चीवरची टांकी क्षणांत विहिरींत गेली. दीड सेंटीमीटरांचे सातपटीनें दहा सेंटीमीटर झाले, आणि तेवढें वर चढवून इंधन ओढणें त्या बिचाऱ्या इंजिनास साधेना. आवाज एकदां उंच गेला व तुटला. तारा सैल पडतांना मुलगा मागें मागें धांवला, पण विमान नाकावर आलें. दोन महिन्यांचें काम होतें. पंखा मोडला, नाकाड्याचे तुकडे झाले, उजव्या पंखाच्या फासळ्या उघड्या पडल्या. तो आम्हांस एक शब्दही बोलला नाहीं. तुकडे गोळा करून पिशवींत भरले आणि आमची खुर्ची उचलून घेतली. बोलला असता तर बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं आम्हीं तीच आकृति पुनः काढली, पण या खेपेस कागद हातांत धरून उलटा केला. जें सरळ असतां लाभाचें तें उलट असतां तितक्याच तोट्याचें. तेव्हां टांकीचा मध्य आणि सुईचें छिद्र एका पातळींत असलेंच पाहिजे. जाणते लोक हें घड्याळ लावून ठरवितात: सरळ उडतां एका फेरीस किती वेळ लागतो आणि उलटें उडतां किती, तें पाहावयाचें. उलटें उडतांना विमान अधिक जलद गेलें तर तेथें इंधन कमी पडतें आहे, म्हणजे टांकी उंच झाली, ती खालीं घ्यावी; सरळ उडतां अधिक जलद गेलें तर ती थोडी वर घ्यावी. एकदोन मिलिमीटरांच्या चकत्यांचा हा खेळ आहे. आम्हीं पंधरा मिलिमीटर उचलविली होती!

पण एवढ्यानें मूळ दुखणें, म्हणजे टांकी रिकामी होत जातांना धार घटण्याचें, जात नाहीं. त्यावरची युक्ति सुमारें साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या एका फ्रेंच पंडिताच्या नांवानें ओळखली जाते. एदम मारिओत हें त्याचें नांव. १६८४ सालीं तो वारला. त्याची बाटली अशी: तोंड घट्ट बुचानें बंद, बुचांतून एक उभी नळी आंत सोडून तिचें खालचें टोंक पाण्यांत बुडालेलें, आणि बाटलीच्या तळाजवळ एक तोटी. तोटींतून पाणी जाऊं लागलें कीं त्याची जागा घेण्यास हवा केवळ त्या नळींतूनच येऊं शकते, व ती नळीच्या खालच्या टोंकाशीं बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडते. म्हणजे त्या टोंकाशीं दाब नेहमीं बाहेरच्या हवेइतकाच. वर पाणी वीतभर असो कीं चार बोटें असो, तोटीला त्याचा पत्ताच लागत नाहीं. तिला कळते ती केवळ नळीचें टोंक आणि तोटी यांमधली उंची, आणि ती कधीं बदलत नाहीं. पाणी नळीच्या टोंकाखालीं उतरेपर्यंत धार एकसारखी. आम्हीं हा प्रयोग औषधाची रिकामी बाटली आणि शाईच्या पेनाची जुनी कांडी घेऊन ओटीवर करून दाखविला, तेव्हां घरांतलीं सारीं मुलें जमलीं, व धाकट्यांपैकीं एकानें विचारलें कीं ही बाटली देवावर कां टांगीत नाहींत. याला उत्तर आम्हांस अजून सुचलेलें नाहीं.

विमानवाले या रचनेस ‘युनिफ्लो’ म्हणतात. टांकीस तीन नळ्या. एक इंजिनाकडे जाणारी. दुसरी हवा आणणारी, तिचें आंतलें तोंड पहिलीच्या तोंडाजवळच, त्याच बाहेरच्या भिंतीलगत, किंचित् पुढें. तिसरी इंधन भरतेवेळीं वाहून जाऊं देण्याची, तिला उडण्यापूर्वीं टोपी घालून बंद करावयाचें. ही टोपी विसरली तर सारी विद्या फुकट, कारण मग हवा सोयीस्कर वाटेनें आंत शिरते व टांकी पुनः साधी गळती होते. नातवानें पातळ पत्रा कापून, पितळी नळ्या वांकवून नवी टांकी केली. डाख देण्याचें काम आम्हीं हौसेनें अंगावर घेतलें. पाण्यांत बुडवून फुंकून पाहिली तेव्हां चार ठिकाणीं बुडबुडे आले. त्यानें सारा डाख काढून तें काम स्वतः केलें.

हवा आणणाऱ्या नळीचें बाहेरचें तोंड वाऱ्याकडे केलें तर विमानाच्या वेगानेंच टांकींत थोडा दाब भरतो. वर धरलेल्या वेगास तो इंधनाच्या पावणेचार सेंटीमीटर उंचीइतका येतो. अल्प, पण निरुपयोगी नव्हे. याहून थोडा अधिक दाब हवा असेल तर त्या नळीचें तोंड रबरी नळीनें सायलेन्सरला जोडतात, व धुराच्या दाबानें इंधन पुढें ढकललें जातें. कसरतीच्या विमानास एवढा सौम्य दाब पुरतो, आणि त्याहून अधिक तें मागतही नाहीं. कारण त्याचें इंजिन मुद्दाम थोडें अधिक इंधन देऊन सरळ फेरीत दबकें चालवितात. तेव्हां तें एकाआड एक फेरीस पेट घेतें. नाक वर करून चढूं लागलें कीं दर फेरीस पेट घेऊन जोर करतें आणि उतरतांना पुनः दबतें. घाट चढतांना बैलाला हांक मारावी आणि उतरतांना कासरा आंखडावा, तें काम येथें इंजिन आपल्या आपण करतें. जोरकस दाबानें इंधन ठासलें तर हा नाजूक स्वभाव नष्ट होतो.

वेगाच्या शर्यतींची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें त्यांत तार १७.६९ मीटर असते, म्हणजे नऊ फेऱ्यांचा बरोबर एक किलोमीटर होतो. अडीच घनसेंटीमीटरांच्या इंजिनावर हीं विमानें तो किलोमीटर सुमारें बारा सेकंदांत, ताशीं ३०० किलोमीटर वेगानें, तोडतात. आपला मघांचा हिशेब येथें लावून पाहा: बाहेरची ओढ वजनाच्या चाळीसपट निघते! तीन सेंटीमीटर रुंदीच्या टांकींत भरलेली आणि रिकामी यांतला फरक १२० सेंटीमीटरांचा होईल. नुसत्या श्वासाच्या ओढीवर कोणतें इंजिन हें सोसणार? अशा ठिकाणीं दाब असा पाहिजे कीं त्यापुढें हे चढउतार क्षुल्लक ठरावेत. इंजिनाचा दट्ट्या खालीं येतांना आपल्याखालच्या पेटींतली हवा दाबतो. त्या पेटीस बारीक भोंक पाडून तेथून टांकीपर्यंत नळी न्यावयाची, आणि टांकीचीं बाकीचीं सारीं तोंडें बंद करावयाचीं, ही एक रीत. एका चौरस इंचावर एक पौंड एवढाच दाब धरला तरी तो इंधनाच्या ८० सेंटीमीटर उंचीइतका होतो. मग दहापांच सेंटीमीटरांच्या लाटांस कोण विचारतो? मात्र सुई फार बारीक पाहिजे, कारण एरवीं थेंबाथेंबानें ओढलें जाणारें इंधन आतां बळानें येऊं पाहतें. आणि टांकीस सुईच्या अग्राएवढी गळती असली तरी सारा दाब फुकट जातो. आमचा डाख येथें चालला नसता.

सर्वांत गमतीची रीत आहे ती द्वंद्वयुद्धाच्या विमानांची. यांत दोन उडविणारे एकाच वर्तुळांत उभे राहतात. प्रत्येकाच्या विमानामागें कागदाची लांब पट्टी असते आणि दुसऱ्याची पट्टी आपल्या पंख्यानें कापावयाची असते. वर, खालीं, उलट, सुलट असा गोंधळ कीं पाहणाराची मान दुखते. येथें ‘खालीं’ कोणतें याचा हिशेब करीत बसण्यास सवड कोणास? म्हणून या लोकांनीं धातूची टांकी सोडून दिली आणि तान्ह्या मुलाच्या तोंडांत द्यावयाची रबराची चोखणी घेतली! तींत पिचकारीनें इंधन भरावयाचें. चोखणी फुगते, आणि रबर आंखडूं पाहतें त्या बळानें इंधन इंजिनाकडे जातें. आंत हवा मुळींच नाहीं, म्हणून पृष्ठभाग नाहीं, लाटा नाहींत. शिवाय रबराचा गुण असा कीं फुगा मोठा असतां व लहान होत जातांना दाबांत फारसा फरक पडत नाहीं. पार आंखडण्याच्या वेळींच तो उतरतो. अगदीं लहान इंजिनांस शाईच्या पेनांतली रबरी पिशवी पुरे होते. ज्या पिशवीनें आमच्या खिशांस आयुष्यभर निळे डाग पाडले ती आकाशांत इतकी इमानानें वागते हें कळल्यावर आम्हांस तिच्याविषयीं नव्यानें आदर वाटूं लागला.

हें ज्ञान घरांत पसरल्यानंतर दोनच दिवसांनीं धाकट्या सूनबाईंनीं बाळाची चोखणी कोठें गेली म्हणून विचारलें. ती माळ्यावर सांपडली, एरंडेलाच्या वासासकट. नवी आणवून दिली आणि जुनी सरकारजमा, म्हणजे नातवाकडे, गेली. पण हा दाब खेळण्याचा नव्हे. भरलेली पिशवी इंजिनाकडे सतत इंधन ढकलीत असते. इंजिन बंद असलें तरी ती थांबत नाहीं. म्हणून सुरू करण्याच्या क्षणापर्यंत नळी चिमट्यानें दाबून धरावी लागते. डॉक्टर मंडळी रक्तवाहिनी दाबण्यास वापरतात तसला अडकणारा चिमटा त्या कामास उत्तम. तो राहून गेल्यास इंजिन इंधनानें तुडुंब भरतें, आणि तशांत पंखा जोरानें फिरविला तर आंतले भाग वांकतात.

इंधनाविषयीं घरांतल्या मंडळींस दोन शब्द सांगणें हें आमचें कर्तव्य आहे. मिथिल अल्कोहोल दिसावयास पाण्यासारखें, पण तें तीव्र विष आहे. थोडें पोटांत गेलें तरी दृष्टि जाते, प्राणही जातो. त्याची ज्योत दिवसाउजेडीं जवळजवळ दिसत नाहीं, तेव्हां सांडलेलें इंधन पेटलें आहे हें हात भाजल्यावरच कळतें. म्हणून तें पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींही ठेवूं नये. वेगळ्या डब्यांत, नांव लिहून, देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर, कुलुपांत ठेवावें. झांकण घट्ट हवें, कारण तें हवेंतला ओलावा शोषून घेतें आणि मग इंजिन कुरकुरतें. ज्या मैदानाजवळून विजेच्या तारा जातात तेथें हा खेळ खेळूं नये. पोलादी तारेचें एक टोंक मुलाच्या हातांत असतें, एवढें लक्षांत ठेवलें म्हणजे पुरे.

विमान दुरुस्त होण्यास पांच आठवडे लागले. टांकी युनिफ्लोची, सुईच्या पातळींत बसविलेली, हवेची नळी सायलेन्सरला जोडलेली. आम्ही या वेळीं खुर्ची न घेतां घड्याळ घेऊन गेलों, आणि सल्ला द्यावयाचा नाहीं असें घरूनच ठरवून निघालों. सरळ फेरी पांच सेकंद व दोन दशांश. उलटी फेरी पांच सेकंद व एक दशांश. त्यानें विमान उतरविलें, टांकीखालची एक पातळ चकती काढली, पुनः उडविलें. दोन्ही फेऱ्या आमच्या अंगठ्यास ओळखूं येईल इतक्या फरकानेंही वेगळ्या नव्हत्या. मग आठाचा आंकडा. पहिलें अर्धें झालें, विमान मध्यावर आलें, पाठ बाहेर झाली, आणि आम्हीं श्वास धरला. आवाज बदलला नाहीं. त्यानें तसे तीन आंकडे लागोपाठ काढले. शेवटीं सपाट फेरींत एकदां सूर उंच चढला, म्हणजे इंधन नळीच्या टोंकाखालीं उतरलें. आणखी फेरीभरानें इंजिन थांबलें, व विमान तारा ताणूनच तरंगत येऊन गवतावर टेकलें.

घरीं आल्यावर तो टांकी अल्कोहोलानें धुऊन ओटीवर पालथी घालतो, नाहींतर एरंडेल आंत चिकटून नळ्या बुजतात. छात्रसेनेंतल्या एका मित्रासाठीं तो सध्यां दुसरी टांकी करीत आहे. पत्रा आंखून देण्याचें काम आम्हांस मिळालें आहे. डाखाचें मात्र अजून तो आमच्या हातीं देत नाहीं.